चिकटा मोजणारे सर

“पाणी पिऊ नका! आक्का, कुणाला पिऊ देऊ नका!”

सर मांडवात शिरले तेव्हा त्यांच्या अंगात नुसतं बनियन होतं आणि उजव्या हाताला कोपरापर्यंत शेंबडासारखा चिकटा लोंबत होता. बायका ओरडून बाजूला झाल्या. सरांनी कुणाकडे पाहिलं नाही. ते थेट कोपऱ्यातल्या निळ्या ड्रमाकडे गेले. ड्रम विटांवर ठेवलेला होता, गळ्यापर्यंत भरलेला. त्यांनी खालची वीट लाथेनं सरकवली, खांदा लावला आणि ड्रम आडवा केला. पाणी सगळ्या मांडवात पसरलं. रांगोळी गेली, पाट भिजले, मांडून ठेवलेल्या पत्रावळ्या तरंगत बायकांच्या पायांत आल्या.

माझ्या नातसुनेचं, मनीषाचं, डोहाळजेवण होतं. सातवा महिना. हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून ती खुर्चीवर बसली होती. तिच्या हातात अर्धा रिकामा पेला होता. तिच्या उजव्या अंगाला तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, शिरूरहून सकाळीच आलेल्या. डाव्या अंगाला माझी थोरली जाऊ. त्या दोघींचे पेले खाली ठेवलेले होते, पूर्ण रिकामे.

“सर, याड लागलं का तुमास्नी? बायकांचा कार्यक्रम हाय!” माझा मुलगा धावत आला.

सर धापा टाकत होते. त्यांनी तीन पेल्यांकडे बोट केलं. “कोण प्यायलं? किती? आणि कधी?”

“आत्ताच,” मनीषा म्हणाली. “वाळ्याचा वास चांगला येत होता म्हणून.” एवढं बोलून तिनं पोटावर हात ठेवला.

ड्रम मी आणला होता. भंगारवाल्याकडून. हे मला त्याच घडीला आठवलं आणि मी तोंड मिटून घेतलं.

दौंडहून कुरकुंभला जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर आहे. मागे चार खोल्या काढल्या आहेत, त्या आम्ही कंपनीतल्या कामगारांना भाड्यानं देतो. पोरं येतात, शिफ्ट करतात, झोपतात, वर्षा-दोन वर्षांत निघून जातात. त्यांतल्या शेवटच्या खोलीत सर राहायचे. आले होते मुलाबरोबर. मुलगा कंपनीत होता. मुलाला कंपनीनं गुजरातला पाठवलं तेव्हा सर म्हणाले, “माझ्या टाक्या हलत नाहीत, तू जा.” मुलगा गेला. बाप टाक्यांपाशी राहिला.

टाक्या म्हणजे प्लॅस्टिकचे सहा टब. त्यांत समुद्राचं पाणी आणि पाण्यात जिवंत शिंपले. ते त्यांना तिसऱ्या म्हणायचे. दर दीड-दोन महिन्यांनी सर एसटीनं रत्नागिरीकडे जायचे आणि येताना पाण्याचे कॅन आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेले शिंपले घेऊन यायचे. दौंडात माणसं लांबून गोडं पाणी आणतात. हा माणूस खारं आणायचा. कंडक्टर भांडायचे त्यांच्याशी. एकदा एकानं कॅनचं अर्धं तिकीट फाडलं, ते तिकीट सरांनी वहीत चिकटवून ठेवलं होतं.

मला ती खोली आवडत नव्हती. खिडक्या बंद, पंपाचा दिवसरात्र गुडगुड आवाज आणि एक वास, जो माझ्या नाकानं आधी कधी घेतला नव्हता. समुद्र मी पाहिलेला नाही. त्या वासावरून पाहावा असं वाटलं नाही. भाड्यासाठी दारात उभी राहिले की आतून सर म्हणायचे, “आत या, आक्का, चावत नाहीत.” मी जायची नाही. चावणारं जनावर परवडतं. हे नुसतं तोंड उघडून पडलेलं असायचं आणि आपण वाकलो की मिटायचं. आपल्याला ओळखल्यासारखं.

सर काय करायचे ते मला पुष्कळ उशिरा समजलं. ते शिंपल्यांचा शेंबूड मोजायचे. ते चिकटा म्हणायचे, पण होता शेंबूडच. एकेक शिंपला बशीत ठेवायचा, बराच वेळ तसाच राहू द्यायचा, मग त्यानं सोडलेला चिकटा काचेच्या पट्टीनं निरपून टीपकागदावर घ्यायचा. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा. त्यासाठी सोनाराकडचा जुना काटा आणला होता. गावातल्या पोरांनी त्यांचं नाव शेंबूडमास्तर ठेवलं. सरांना ते माहीत होतं. पोस्टमननं एकदा तसंच विचारलं, “शेंबूडमास्तर इथंच राहतात का?” तर सर म्हणाले, “हो, मीच,” आणि सही केली.

मास्तर ते नव्हतेच. समुद्रकाठच्या कुठल्याशा कॉलेजात प्रयोगशाळेतले शिपाई होते. सगळी नोकरी बाटल्या धुण्यात आणि शिकणाऱ्यांना शिंपले आणून देण्यात गेली. तिथल्या एका मोठ्या माणसानं चिकट्याचं काम काढलं होतं. सरांनी त्यांना म्हटलं, साहेब, नराचा वेगळा लिहा, मादीचा वेगळा, आणि महिना घाला, मला धुताना फरक कळतो. साहेब म्हणाले, तू बाटल्या धू. काम अर्ध्यावर राहिलं, साहेब निवृत्त झाले. यांच्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही. निवृत्तीनंतर स्वतःच्या पेन्शनीतून हे सगळं मांडलं.

“कुणाचा आणि कधीचा, एवढं लिहिलं नाही ना आक्का, तर तो नुसता शेंबूड,” असं ते म्हणायचे. मग हे त्यांच्या बोलण्यात सगळीकडेच यायला लागलं. मी म्हटलं, खोकला झालाय, तर विचारणार, “कधीचा?” दूधवाला म्हणाला, दूध पातळ नाही, तर यांचं चालू, “कोणत्या म्हशीचं? आणि कधी काढलं?” दूधवाल्यानं त्यांच्याकडे दूध टाकणं बंद केलं. मग ते काळा चहा प्यायला लागले.

शिंपल्यात नर कोणता, मादी कोणती, हे वरून कळत नाही. सर बारीक सुईनं आतला थेंबभर रस काढायचे आणि उभ्या दुर्बिणीखाली बघायचे. मादी निघाली तर कवचावर लाल ठिपका, नर निघाला तर निळा. ठिपके नेलपेंटचे. दौंडच्या बाजारात मी बरोबर होते तेव्हा त्यांनी दोन बाटल्या घेतल्या. दुकानदारीण म्हणाली, “आजोबा, नातीला का?”

“नाही हो, शिंपल्यांना. पाण्यात टिकतं ना?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

तरी एक सांगते. मी जे बोलले ते लिहून घेणारा तो एकच माणूस. आम्ही धनगर. माझं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलं, आता मुलं ऊस लावतात. एकदा मी सहज म्हटलं, मेंढी माजावर आली की तिच्या अंगाचा वास बदलतो, आम्हांला अंधारातही कळायचं. सरांनी लगेच वही काढली. “कोणत्या महिन्यात? सगळ्या मेंढ्या एकदम की पुढेमागे?” मी चौथी शिकलेली. नवऱ्यानं कधी मला दोन वेळा एक गोष्ट विचारली नाही. सर चार-चार वेळा विचारायचे आणि मी सांगायची.

त्यांनीही मला सांगितलं. “पावसाळा सरता सरता माद्यांचा चिकटा वाढतो, अंडी सोडायच्या सुमाराला. मग उतरतो. थंडीत सगळ्या गप्प. आणि नर वर्षभर कंजूष.”

“नराचं सगळीकडं तसंच असतंय,” मी म्हटलं.

ते हसले नाहीत. विचार करून म्हणाले, “एवढ्या टबांवरून तसं म्हणता येणार नाही.”

त्या फाल्गुनात बोअर आटला म्हणून टँकर सांगितला होता. कार्यक्रमाला पाणी साठवायला भांडं हवं. आमच्याकडे सगळे करतात तेच मी केलं. फाट्यावरच्या भंगारवाल्याकडून दोन निळे ड्रम आणले. कंपन्यांतून सुटलेले ड्रम असतात ते. कुणाच्या दारात नाहीत? घासायचे, उन्हात टाकायचे, वापरायचे. मी दोन्ही ड्रम सोड्यानं घासले, राखेनं घासले, दोन दिवस उन्हात उलटे घातले. दोन्हींना बाहेरून कागद चिकटलेला होता, त्यावर लाल चौकोनात कवटी की कसलं तरी चित्र होतं. पाहुण्यांसमोर ते बरं दिसत नाही म्हणून पाणी मारून, विळ्यानं खरवडून काढलं. आत नाक घालून पाहिलं. थोडा गोडसर वास होता. म्हणून प्यायच्या ड्रमात वाळ्याची जुडी सोडली.

दुसरा ड्रम सरांना दिला. ते कधीचे मागत होते, नव्या पाण्यासाठी. त्यांनी आदल्या दिवशी त्यात समुद्राचं पाणी भरलं आणि सकाळी बारा शिंपले सोडले. सहा लाल, सहा निळे. दुपारी झाकण काढलं तर पाण्यावर चिकट्याच्या दोऱ्या. लालांनी सोडला होता आणि निळ्यांनीही. फाल्गुनात. नरांनी. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, शिंपल्यांना काहीतरी झालंय. सरांना महिना माहीत होता आणि नर माहीत होता, म्हणून त्यांना कळलं की शिंपल्यांत काही नाही, पाण्यात आहे. पाणी रत्नागिरीचं, नेहमीचं. नवा फक्त ड्रम. आणि त्याचा जोड मांडवात.

जावेला आधी उलटी झाली. मग विहीणबाईंना. मनीषाला उलटी होईना, तोंडात जळजळ होते एवढंच म्हणत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. माझा नातू कामावरून तसाच आला आणि गाडीत घालून तिघींना दौंडला नेलं. सरांनी गाडीच्या खिडकीतून एक चिठ्ठी आत दिली. कोण किती प्यायलं, किती वाजता. मनीषा अर्धा पेला, बाकी दोघी एकेक.

नातवाचा फोन आला. डॉक्टर म्हणतात, ड्रममध्ये आधी काय होतं ते कळवा, त्यावर औषध ठरेल. नाहीतर अंदाजानं द्यावं लागेल, आणि गरोदर बाईला अंदाजानं देता येत नाही.

असले ड्रम कुठून येतात ते सगळ्यांना ठाऊक, मुलगा फाट्यावरच्या भंगारवाल्याकडे पळाला. भंगारवाला म्हणाला, “मालक, दहा ठिकाणचा माल येतो. लेबल बघा की.” ड्रमावर लेबल नव्हतं. मुलगा परत आला तोवर दारात माणसं जमली होती आणि एकानं तोंड उघडलं होतं, “ड्रमाला काय झालंय? आमच्या दारात बी हायेत. ह्या मास्तरच्या खोलीत बाटल्याच बाटल्या हायेत, त्यातलंच काहीतरी पडलं आसंल.”

“हात बघितला का त्याचा? काय लोंबत व्हतं?”

“पोटुशी बाई घरात, आन् हितं असली घाण ठिवून घेतली तुमी.”

माझ्या मुलानं सरांचं बनियन धरलं. “बोला, काय टाकलं पाण्यात?”

“मी काही टाकलेलं नाही. ड्रम बघा. दोन्ही ड्रमांवर आधी लेबल असणार, ते शोधा.”

“लेबल न्हाईच ड्रमावर! कुठनं शोधू?”

जमलेल्यांतले दोघं सरांच्या खोलीत शिरले आणि टब ओतायला लागले. मी ओट्यावर बसले होते. सर ओरडले नाहीत. ते फक्त एकेका टबामागे म्हणत होते, “हा श्रावणाचा. हा कार्तिकाचा.” पाणी ओट्याखालून वाहत माझ्या पायांपर्यंत आलं. मी पाय वर घेतले.

मला माहीत होतं लेबल कुठे आहे. खरवडलेला चोथा मी गोठ्यामागच्या उकिरड्यावर टाकला होता. एवढंच सांगायचं होतं. पण सांगितलं की ड्रम मी आणला, कागद मी काढला, कवटीचं चित्र पाहूनही काढला, हे सगळं येणार. मनीषाचं काही बरंवाईट झालं तर नातू माझ्याकडे कसा बघेल, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर होतं. साडेबाराला त्या पाणी प्यायल्या. मी बोलले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. तीन तास. त्या तीन तासांत मी चहाही प्यायले.

तेवढ्यात नातवाचा पुन्हा फोन आला. तो मुलाशी बोलत होता, पण आवाज मला ऐकू आला. “बाळाचे ठोके कमी-जास्त होत्यात म्हणत्यात. पुण्याला न्या म्हणत्यात. काय व्हतं त्यात, सांगा की कुणीतरी!”

मी उठले. सगळ्यांसमोर म्हटलं, “सोडा त्येला. ड्रम म्या आणला. कागद म्या खरवडला. गोठ्यामागं पडलाय.”

मुलानं सरांचं बनियन सोडलं. सर म्हणाले, “विळ्यानं की हातानं?”

“इळ्यानं.”

“ओला करून?”

“व्हय.”

“मग तुकडे मोठे असतील. चला.”

त्यांनी उकिरड्यावर गुडघे टेकले. शेण, राख, भाजीची देठं, त्यांतून कागदाचे गोळे वेचले. मी माझ्या बाजूचे वेचले. बोटाच्या पेराएवढे तुकडे, काही सुरळी झालेले. खोलीत एकच टब उभा राहिला होता आणि मेज. त्यांनी मोठ्या परातीत पाणी घेतलं, तुकडे त्यात सोडले, आणि चिकटा उचलायच्या बारीक चिमट्यानं एकेक उलगडायला लागले. त्यांचा ओठ फुटला होता. हात मात्र हलत नव्हता. ज्या माणसांनी टब ओतले तीच दाराशी बॅटरी धरून उभी होती.

“ही कडा लाल आहे, ही वर,” ते पुटपुटत होते. “हे दुसऱ्या ड्रमाचं. हे इकडे.”

मी म्हटलं, “सर, लवकर.”

“आक्का, घाई केली तर कागद फाटेल. बोलू नका.”

मी त्या परातीकडे पाहत उभी राहिले. मला ती इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. विताना अडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालताना मी कधी घाबरले नाही. लांडगा वाघुरीत, मेंढरांभोवतीच्या जाळीत, शिरला होता तेव्हाही नाही. तिथे मात्र मी मेजाची कडा सोडली नाही.

मधली ओळ जुळली तेव्हा सरांनी माझ्या मुलाला फोन लावायला लावला आणि एकेक अक्षर डॉक्टरांना सांगितलं. दोन अक्षरांची जागा फाटली होती. पलीकडून डॉक्टर म्हणाले, “कळलं, कळलं, पुरे.” ते नाव मला आजही म्हणता येत नाही. लांबलचक आहे. त्याच संध्याकाळी मनीषाला पुण्याला हलवलं. जाऊ आणि विहीणबाई दौंडलाच राहिल्या.

सहा टबांतला एक उरला आणि तो ड्रम. ड्रमातले शिंपले सरांनी चांगल्या पाण्यात काढले. मनीषा पंधरा दिवसांनी घरी आली. डॉक्टरांनी सांगितलं, बाळाचं आत्ता काही सांगता येत नाही, दिवस भरेपर्यंत वाट बघा. तिला धड झोप लागत नव्हती. बाळ हललं नाही की ती मला हाक मारायची आणि माझा हात पोटावर ठेवायची. बाळ हलेपर्यंत आम्ही दोघी श्वास धरून बसायचो. ड्रमाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी रोज सकाळी सरांच्या दारात जायला लागले. आता आत जायची.

“लाल किती जित्ते हायेत?”

पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, पाच. मग चार. मग त्यांनी टबावर गोणपाट टाकलं.

“आक्का, या शिंपल्यांचा आणि मनीषाचा काही संबंध नाही. मी नर, मादी आणि महिना लिहितो. पुढचं मला दिसत नाही.”

“मग झाकलं कशापायी?”

ते चहाला वळले तेव्हा मी गोणपाट उचललं. निळे तीन मिटलेले, म्हणजे जिवंत. लाल सगळे उघडे, वास सुटलेला. मी गोणपाट होतं तसं टाकलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. संबंध नाही हे मलाही कळत होतं. कळून भीती कमी होत नाही.

गावानं सरांना राहू दिलं नाही. खरं काय ते सगळ्यांनी ऐकलं होतं, तरी माणसं म्हणायची, तो आल्यापासूनच. माझ्या मुलानं खोली रिकामी करायला सांगितली. मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं, पण त्यांना दारात पाहिलं की मला परात आठवायची. चैत्रात त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला. वह्या आणि काटा घेऊन सर गेले. जाताना मला म्हणाले, “बाळंत झाली की तारीख कळवा, वहीत लिहीन.” फोन नंबर दिला होता. मी लावला नाही. आता कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला माहीत नाही.

मनीषा वैशाखात बाळंत झाली. दिवस भरायला थोडे कमी होते. पोर बारीक होतं, उशिरा रडलं. विहीणबाईंना अजून तिखट चालत नाही. जाऊ डोहाळजेवणाच्या त्या दुपारनंतर नवव्या दिवशी दवाखान्यातच गेली. कागदावर डॉक्टरांनी साखर आणि मूत्रपिंड लिहिलं, साखर तिला आधीपासून होती. त्या तीन तासांचं कागदावर काही नाही. माझ्याबरोबर चाळीस वर्षं मेंढरं राखलेली बाई ती.

पाणी तिघी प्यायल्या. त्यांतल्या मनीषा आणि विहीणबाई जगल्या. मनीषाची मुलगी जगली.